रिफ्स एकशे चाळीस, गाणं एकही नाही

ताई,
मी इचलकरंजीचा, वय २३. घरचे चार माग आहेत, दिवसभर वडिलांसोबत शेडमध्ये असतो. रात्री माग बंद झाले की गिटार. लहानपणी आजोबांच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचो, आता फक्त हेवी मेटल. आम्ही चौघं आहोत: मी, ड्रमर, बेस आणि गाणारा. माझ्या फोनमध्ये १४० रिफ्स, म्हणजे गिटारवर फिरवायचे छोटे तुकडे, आहेत, मोजल्यात. पण दोन वर्षांत एक गाणं पूर्ण झालेलं नाही. चांगल्या पाच-सहा रिफ्स एकामागे एक जोडतो आणि ऐकल्यावर गोधडी वाटते. गाणारा म्हणतो, मला तोंड उघडायला जागाच नाही. ड्रमर म्हणतो, तू दर महिन्याला नवीन काहीतरी आणतोस. मला वाटतं सात तारांची गिटार घेतली तर आवाज भरेल. आणि थिअरी शिकायला हवी का? मराठीत मेटल गाणं बरं दिसेल का, हेही सांगा. सहा रिफ्स सोबत पाठवतो.
नाव छापू नका. घरी हे सगळं माहीत आहे, पण मंडळात नाही.

प्रिय मित्रा,

तुझ्या सहाही रिफ्स मी दोन दिवस ऐकत होते. पहिल्या दोन कुणाच्या तरी ऐकून आलेल्या आहेत, तुलाही ते माहीत असणार. चौथी आणि पाचवी ठीक. सहावी बोटांना छान वाटते म्हणून वाजवलेली आहे, कानाला तिच्यात फारसं काही मिळत नाही. पण तिसरी! ती ऐकताना मी हातातलं काम बाजूला ठेवलं. या पत्रात मी बहुतेक तिच्याबद्दलच बोलणार आहे, कारण तुझं पहिलं गाणं तिच्यात आहे आणि तू तिला बाविसाव्या की पंचविसाव्या सेकंदाला सोडून पुढच्या रिफकडे पळालास.

गोधडी हा शब्द तू वाईट अर्थानं वापरलास. गोधडीतले तुकडे वेगवेगळ्या लुगड्यांचे असतात, तरी ती एक वस्तू वाटते, कारण या कडेपासून त्या कडेपर्यंत एकच धावदोरा गेलेला असतो. तुझ्याकडे तुकडे आहेत, दोरा नाही. एकशे एकेचाळिसावा तुकडा शोधून तो मिळणार नाही.

माझ्यावर हीच वेळ आली होती म्हणून सांगते. पुण्यात आमचा बँड होता तेव्हा मी नऊ मिनिटांचं एक गाणं बसवलं, त्यात अकरा रिफ्स होत्या. मला त्याचा प्रचंड अभिमान होता. तालमीत तिसऱ्यांदा वाजवताना आमच्या ड्रमरनं काठ्या खाली ठेवल्या आणि शांतपणे विचारलं, "यातलं गाणं कुठलं?" मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन मी अकरापैकी एक ठेवली आणि दहा पुसल्या. ज्या रात्री पुसल्या त्या रात्री झोप लागली नाही, पण त्या एकीतून जे निघालं ते आम्ही पुढे चार वर्षं वाजवलं.

तू भजनात पेटी वाजवली आहेस, म्हणजे तुला हे आधीच माहीत आहे, फक्त गिटार हातात घेतल्यावर विसरतोस. अभंगात धृपद असतं. कडवी येतात आणि जातात, बुवा कुठल्या कुठे जाऊन येतात, टाळकरी लय वाढवतात, पण परतायचं ते धृपदावर. कडव्याची चाल वेगळी असली तरी ती धृपदाच्याच नात्यातली असते. मेटलमध्ये रिफचं काम हेच. तिच्यात स्वर आहेत, ताल आहे आणि गाण्याचा स्वभावही आहे. मेटलच्या गाण्यातून शब्द काढून टाकले तरी ते ओळखू येतं, रिफ काढली तर काहीच उरत नाही.

एकाच रिफवर किती उभं राहतं ते बघायचं असेल तर मुळाशी जा. ब्लॅक सॅबथ या बँडचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० ला आला आणि त्यातलं पहिलं गाणं बँडच्याच नावाचं आहे. त्याची रिफ तीन स्वरांची: सा, वरचा सा, आणि तिथून खाली तीव्र म. बस. पेटीवर वाजवून बघ, दहा सेकंदांत बसेल. हे तीन स्वर गाण्याची जवळजवळ पहिली साडेचार मिनिटं धरून ठेवतात. कधी पूर्ण आवाजात, अॅम्प फाटेल असे. कधी गायकाच्या खाली इतके हळू की फक्त चाहूल लागावी. स्वर तेच, वजन बदलतं. शेवटी गाणं अचानक दौडत सुटतं आणि ते इतकं अंगावर येतं, कारण तोवर आपल्याला थांबवून ठेवलेलं असतं. तू तिसऱ्या रिफला पंचवीस सेकंद दिलेस.

त्या रिफमागच्या माणसाची गोष्ट तुला विशेष सांगावीशी वाटते, कारण तू शेडमध्ये वाढलेला आहेस. टोनी आयोमी बर्मिंगहॅमचा, पत्र्याच्या कारखान्यात कामाला. सतरा वर्षांचा असताना, नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी, यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या आणि अनामिका या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे गिटारची पट्टी धरायचा हातच तो. सगळं संपलं असं वाटत असताना कारखान्यातल्या वरिष्ठानं त्याला जँगो राइनहार्ट या गिटारवाल्याची रेकॉर्ड आणून ऐकवली आणि मग सांगितलं की या माणसाची दोन बोटं आगीत निकामी झाली आहेत. आयोमीनं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यांवर चामडं चिकटवलं. जाड तारा दाबल्या जाईनात म्हणून पातळ तारा लावल्या. पुढे तारा आणखी सैल केल्या. १९७१ च्या अल्बममधल्या काही गाण्यांत ट्यूनिंग तीन अर्धस्वर खाली, सी शार्पवर आहे. आज जगभरचे मेटलवाले जो जड, खोल आवाज शोधत फिरतात, त्यात एका जखमी हाताच्या सोयीचा मोठा वाटा आहे. टोपणांखाली तार जाणवत नाही, म्हणून स्वर कमी आणि प्रत्येक स्वर ठाम. तुझ्या सहाव्या रिफमध्ये एका बारमध्ये, म्हणजे चार मात्रांच्या आवर्तनात, चौदा स्वर आहेत. मी तेही मोजले.

आता तिसरी रिफ. तू बहुतेक नकळत केलं आहेस, म्हणून काय केलंस ते आधी सांगते. एका बारमध्ये आठ आठवे भाग, आणि ते तू चार-चार न तोडता तीन-तीन-दोन असे तोडलेस. हलगीवाला हेच करतो, तुझ्या भागात तर लहानपणापासून कानावर असणार. खालची मोकळी तार पाम म्यूट करून, म्हणजे तळहाताच्या कडेनं दाबून, चालू आहे आणि तीन जागी आघात: पहिला मोकळ्या तारेवर, दुसरा पहिल्या फ्रेटवर, तिसरा सहाव्या फ्रेटवर. म्हणजे सा, कोमल रे, तीव्र म. आणि एकदाच, शेवटच्या फेरीत, तू तिसऱ्या फ्रेटवर जाऊन पहिल्यावर उतरलास. तो कोमल ग. हे चार स्वर एकत्र मांड: तोडी रागाचा पूर्वांग, म्हणजे पहिला अर्धा भाग, आहे! थिअरी शिकू का असं विचारतोस, अरे, तुला येते आहे. मोकळ्या तारेला सा मान आणि प्रत्येक फ्रेट पेटीची एक पट्टी मान. भैरवी म्हणजे मेटलवाल्यांचा फ्रिजियन, सूर न् सूर तोच. कोमल रे सा वर दात खातो, म्हणूनच मेटलला तो इतका प्रिय. नवीन नावं नंतर सावकाश पाठ होतील, घाई नाही.

या एका रिफमधून पूर्ण गाणं कसं काढायचं ते बघू.

आधी तिला स्वतःचा आकार दे. आत्ता ती गोल फिरते, कुठेही संपते. चार बारचं एक घर कर: पहिले तीन बार सारखे आणि चौथ्यात तो कोमल ग वाला उतार. मेटॅलिका बँडच्या १९९१ च्या ‘एंटर सँडमॅन’ची गोष्ट प्रसिद्ध आहे. त्यांचा गिटारवाला कर्क हॅमेट यानं आणलेल्या मूळ रिफमध्ये पहिला भाग आणि शेपूट असं लगेच एकामागे एक होतं. ड्रमर लार्स उलरिकनं सुचवलं, पहिला भाग तीनदा वाजव आणि मग शेपूट. एवढ्या एका बदलानं ती रिफ जगाच्या तोंडी बसली. मला यात नवल वाटत नाही, कारण आपला मोठा अभंग असाच आहे: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं. तीन चरण सारखे, चौथा आखूड, आणि तो आखूड चरण आला की कान म्हणतो, हं, आता पुढचं सांग. त्यांचा आपला काही संबंध नाही, पण माणसाचा कान बर्मिंगहॅम, कॅलिफोर्निया आणि देहू, सगळीकडे सारखाच वाट बघतो.

मग व्हर्स, म्हणजे कडवं. तुझा गाणारा म्हणतो जागा नाही, आणि तो अगदी बरोबर बोलतो. व्हर्समध्ये तिन्ही आघात काढून टाक. फक्त मोकळी तार, दाबलेली, तीन-तीन-दोन. आघाताच्या जागा आता त्याच्या. त्याचे शब्द तिथे पडू देत. तीव्र म व्हर्समध्ये फक्त चौथ्या बारला एकदा दाखव. तो स्वर तुझा हुकमाचा पत्ता आहे. पहिल्या पंधरा सेकंदांत चार वेळा टाकलास तर कोरसला हातात काय राहील?

कोरससाठी, म्हणजे धृपदासाठी, नवी रिफ आणू नकोस. तेच तीन स्वर घे, पण पॉवर कॉर्ड करून लांब सोड: सा एक बार, कोमल रे एक बार, तीव्र म दोन बार. हात वर, पाम म्यूट नाही, तार गुंजू दे. जे आधी ठोकलं जात होतं ते आता उघडतं. पॉवर कॉर्ड म्हणजे सा आणि त्याचा प, एवढंच. आणि डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे मुद्दाम फाटवलेल्या आवाजात, तो प्रचंड का वाटतो याचं कारण साधं आहे. सा आणि प यांच्या कंपनांचं प्रमाण दोनास तीन. डिस्टॉर्शन या दोघांच्या फरकाचाही एक स्वर तयार करतं, तीन वजा दोन, एक. म्हणजे बरोबर खालच्या सप्तकातला सा. तू न वाजवलेला स्वर अॅम्पमधून येतो. त्यात ग घातलास तर असे जास्तीचे स्वर एकमेकांशी भांडतात आणि चिखल होतो. म्हणून कोरसमध्ये सुरावट हवीच असेल तर ती दुसऱ्या ट्रॅकवर, वरच्या तारांवर, एकेरी स्वरांत वाजव.

मध्ये एक जागा अशी हवी की सगळं बसकण मारेल. ड्रमरला सांग, स्नेअर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर देतोस तो काढ आणि फक्त तिसरीवर दे. वेग तोच, पण अर्धा झाल्याचा भास होतो. आणि तू तुझे तीन-तीन-दोन आता आठव्या भागांत न वाजवता पूर्ण मात्रांत वाजव. एका बारमध्ये मावणारी रिफ दोन बार व्यापेल. ऐकणाऱ्याला वाटेल नवीन काहीतरी आलं, आणि त्याच वेळी आतून ओळखीचं वाटेल. हा तुझा धावदोरा. मग मूळ रिफ पूर्ण वेगात परत आण. तालमीत हे पहिल्यांदा जमेल तेव्हा तुम्ही चौघं एकमेकांकडे बघाल, मला खात्री आहे.

लांबीचा हिशेब कागदावर कर. तुझा वेग मी मोजला, मिनिटाला साधारण १६० मात्रा. म्हणजे एक बार दीड सेकंदाचा आणि चार बारचं घर सहा सेकंदांचं. चार मिनिटांच्या गाण्यात अशी चाळीस घरं. डॉबीचं, म्हणजे मागावरच्या नक्षीचं, डिझाइन काढायला जो चौकटींचा कागद लागतो तो तुझ्याकडे असेल, त्यावर चाळीस चौकोन आख आणि भर: सुरुवातीला चार, व्हर्सला सहा, कोरसला चार, पुन्हा नुसती रिफ दोन. दुसरा व्हर्स पहिल्यापेक्षा लहान ठेव, चारच, कारण आता लोकांना रस्ता माहीत आहे. कोरस चार, जड भाग सहा, सोलो असला तर चार, शेवटचा कोरस चार, आणि संपवायला दोन. चाळीस झाले. हे पवित्र नाही, तालमीत बदलेल. पण तुझ्या आत्ताच्या डेमोत एकाही गोष्टीला पुरेशी घरं मिळालेली नाहीत, हे कागदावर दिसलं की माझ्या सांगण्याची गरज राहणार नाही.

उजव्या हाताबद्दल मला थोडं कडक बोलावं लागेल. तुझा डावा हात तयार आहे. उजवा ढिला आहे, आणि मेटल उजव्या हातात असतं. तिसऱ्या रिफमध्ये तू खाली-वर, खाली-वर असा पिक फिरवतोस, त्यामुळे वर जाणारा प्रत्येक ठोका हलका पडतो. सगळे ठोके खालच्या दिशेनं दे. मेटॅलिकाचा जेम्स हेटफील्ड १९८६ च्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’मध्ये मिनिटाला दोनशेच्या वर मात्रांच्या वेगात डाउनस्ट्रोक देत राहतो, म्हणजे सेकंदाला जवळजवळ सात. तुझ्या वेगाला सेकंदाला पाचच्या आसपास लागतात, जमण्यासारखं आहे. क्लिक, म्हणजे मेट्रोनोमचा ठोका, १२० वर लाव, चार बार न थांबता, कोपर सैल, मनगटातून. दुखलं तर थांब. दुखणं सहन करण्यात काही शौर्य नाही, आणि तुला दिवसभर हातानंच काम करायचं असतं. आठवड्याला पाच-पाचनं वाढव. तळहाताची कड ब्रिजच्या अगदी काठावर ठेव. दोन मिलिमीटर पुढे सरकली तर ठोका मरतो, मागे सरकली तर तार उघडी पडते. तुझी जागा तूच कानानं शोध.

आणि गेन, म्हणजे आवाज फाटवणारं बटण, कमी कर. घरी एकटा वाजवताना जास्त गेन आधार देतो, बँडमध्ये तोच आघाताची धार खातो. आत्ता जिथे आहे तिथून तिसरा हिस्सा काढ. आवाज जाड करायचा तर रेकॉर्ड करताना तीच रिफ दोनदा वाजव, एक डावीकडे, एक उजवीकडे. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे लावू नकोस, त्यानं रुंदी येत नाही. दोन वेगळे टेक, शक्य तितके सारखे. त्यांच्यातल्या बारीक फरकातूनच ती भिंत उभी राहते. माझ्या विद्यार्थ्यांना हे सगळ्यात कंटाळवाणं वाटतं आणि उजवा हात सगळ्यात जास्त यातूनच सुधारतो.

पाचव्या रिफबद्दल एक सांगायचं राहिलं. तिथे तू सात आठव्या भागांची रिफ केलीस आणि ड्रमर गोंधळला, असं पत्राच्या मागच्या पानावर लिहिलं आहेस. त्याला शेडमध्ये घेऊन जा. शेजारचे दोन माग चालू कर. दोघांचा वेग तंतोतंत सारखा कधीच नसतो. खटखट एकत्र सुरू होते, मग एक मागे पडतो, आवाज विस्कटतो, आणि थोड्या वेळानं दोघांचे ठोके पुन्हा एकावर एक येतात. तू हे जन्मापासून ऐकतो आहेस. स्वीडनच्या मेशुगा बँडचं संगीत समजायला याहून चांगली शाळा मला माहीत नाही. त्यांचा ड्रमर हातानं झांजेवर सरळ चार मात्रा धरून ठेवतो आणि पायानं, किकवर, गिटारच्या विषम लांबीच्या रिफसोबत जातो. तुझी सातची रिफ आठच्या बारवर लाव. आठ बारमध्ये चौसष्ट आठवे भाग. सातच्या नऊ फेऱ्या म्हणजे त्रेसष्ट. एक उरला. त्या उरलेल्या एकावर एक ठोका दे आणि समेवर ये. तबल्यात तिहाई बसवताना हाच हिशेब करतात. ड्रमरला सातपर्यंत मोजायला लावू नकोस, त्याला चारच मोजू दे. तो सरळ, तू तिरका. पण ही रिफ दुसऱ्या गाण्याची आहे, या गाण्यात घालू नकोस. तुझा हात शिवशिवेल, तरी नको.

ड्रमरची तक्रार मला गंभीर वाटते. तू त्याच्याकडे तयार माल घेऊन जातोस. त्याऐवजी तिसरी रिफ घेऊन जा आणि म्हण, ही सगळी तालीम आपण एवढीच वाजवू. त्याला तिच्याखाली साधा ठेका धरू दे, मग दुप्पट, मग अर्धा, मग घोडदौड. आयर्न मेडन बँडची ती टगडक-टगडक चाल, एक लांब आणि दोन आखूड. १ फेब्रुवारी २००८ ला मुंबईत ते वाजवत होते तेव्हा मी गर्दीत होते आणि ती चाल आधी माझ्या पायांना कळली, मग कानांना. एकाच रिफखाली ठेका बदलला की चार वेगळ्या रिफ्स ऐकू येतात. बेसवाल्यालाही सांग की सतत तुझी नक्कल करायची गरज नाही. व्हर्समध्ये त्यानं एकाच सा वर उभं राहिलं तरी तुझ्या हालचालीला जमीन मिळते.

मराठीत गावं का? हो! यात मला शंका नाही. मुंबईच्या डिमॉनिक रिझरेक्शन या मेटल बँडनं २०१७ मध्ये दशावतारांवर आख्खा अल्बम केला, म्हणजे आपला मालमसाला या संगीतात शिजतो हे कधीच सिद्ध झालं आहे. आणि भाषा म्हणून मराठी या कामाला जन्मलेली आहे. ठ, ढ, ध, घ, भ ही अक्षरं पाम म्यूटवर टाकून बघ. ‘धडधड’, ‘खडक’, ‘वखवख’, ‘घाव’. ळ घशातून काढायला किती चांगला आहे ते गाणाऱ्याला विचार. अडचण एकच येईल. इंग्रजी गाण्यांच्या चालीत मराठी शब्द कोंबले की ऱ्हस्व-दीर्घ मोडतात आणि हास्यास्पद वाटतं. म्हणून आधी रिफच्या आघातांवर शब्द बोलून बघा, चाल नंतर. तीन-तीन-दोन वर तीन अक्षरं, तीन अक्षरं, दोन अक्षरं. विषय शोधायला लांब जाऊ नका. मागाची पाळी, सूत महागलं तेव्हाचा घरातला अबोला, कानात राहून गेलेली खटखट. हे तुझ्याइतकं आतून लिहू शकणारे फार थोडे आहेत.

सात तारांची गिटार आत्ता घेऊ नकोस. सातवी तार सहसा बी ला लावतात, सहावीपेक्षा पाच अर्धस्वर खाली, आणि तिथे आवाज स्वच्छ ठेवायला उजवा हात आणखी पक्का लागतो. खोली हवीच असेल तर खालची तार दोन अर्धस्वर उतरवून डी कर, अर्ध्या मिनिटाचं काम, आणि पॉवर कॉर्ड एका बोटात येईल. त्याहून खाली जायचं तर जाड तारांचा संच घे. ते पैसे वाचव. गाणं झालं की रेकॉर्डिंगला लागतील.

फोनमधल्या १४० रिफ्स आजच दुसरीकडे उतरवून ठेव. हॅमेटचा फोन हरवला होता, त्यात अडीचशे कल्पना होत्या आणि दुसरी प्रत नव्हती. २०१५ मध्ये त्यानं स्वतः सांगितलं की त्यातल्या जेमतेम आठ आठवतात. २०१६ ला आलेल्या मेटॅलिकाच्या अल्बममध्ये एकाही गाण्याच्या श्रेयात त्याचं नाव नाही. पण उतरवून ठेवल्यावर त्या फोल्डरला सहा आठवडे हात लावू नकोस. त्यातल्या काही तिसऱ्या रिफच्या बहिणी निघतील, त्याच वेगाच्या, त्याच स्वरांच्या. त्या आपोआप आठवतील तेव्हाच घे.

सहा आठवड्यांनी मला एकच फाइल पाठव, चाळीस घरांची, फोनवर रेकॉर्ड केलेली चालेल. सुरुवातीचे पहिले दोन बार तू वाजवायच्या आधी शेडचं दार उघडं ठेव आणि एक माग चालू राहू दे. तुझ्या तिसऱ्या रिफच्या मागे कुणाचा तरी माग हळू ऐकू येतोय, तू बहुधा तो आवाज खराबी समजून दार लावत असशील. त्याच्या ठोक्यावरच तुझा पहिला सा पडलेला आहे.

तुझी ताई